उशिरा आलेले सुवर्ण

इ. स. १९८२ च्या नोव्हेंबर महिन्यात नवी दिल्ली येथे नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांना प्रारंभ झाला. ‘अप्पू’ हे हत्तीचे बोधचिन्ह आणि त्याच सुमारास देशात आलेली रंगीत दूरचित्रवाणी यांमुळे त्या स्पर्धा आजच्या ज्येष्ठ पिढीच्या स्मरणात आहेत. चार्ल्स बोरोमिओने ८०० मीटर धावण्यात आणि एम. डी. वलसम्माने अडथळ्यांच्या शर्यतीत मिळविलेली सुवर्णपदकेही अनेकांना आठवत असतील. मात्र त्याच स्पर्धांत सदतीस वर्षांच्या एका जपानी खेळाडूने हातोडाफेकीचे सुवर्णपदक जिंकले, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल. शिगेनोबु मुरोफुशी हे त्यांचे नाव. १९७०, १९७४ आणि १९७८ या तीन आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके त्यांच्याकडे आधीच होती. दिल्लीचे हे चौथे. पुढे १९८६ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, त्यांनी सोल येथे पाचवेही मिळविले. एकाच क्रीडाप्रकारात सलग पाच आशियाई सुवर्णपदके! जपानमध्ये त्यांना ‘आशियाचा पोलादी पुरुष’ म्हणत, ते उगाच नव्हे.

असे असूनही त्यांच्या कारकिर्दीत एक रकाना कोराच राहिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते आठवे आले, १९७६ च्या माँट्रियलमध्ये अकरावे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार टाकला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. त्याच १९८४ साली त्यांनी ७५.९६ मीटर अंतराचा जपानी राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. आशियात अजिंक्य असलेला हा माणूस जगाच्या व्यासपीठावर मात्र एकदाही चढू शकला नाही.

त्या वेळी त्यांच्या घरी नऊ वर्षांचा एक मुलगा होता. कोजी त्याचे नाव. वडिलांचा कोरा राहिलेला रकाना या मुलाने वीस वर्षांनी भरला. पण तो ज्या रीतीने भरला गेला, ती रीत पदकाहूनही अधिक विचार करायला लावणारी आहे.

गोफणीचे शास्त्र

नीरज चोप्रामुळे भालाफेक आज आपल्या घराघरांत पोहोचली आहे. हातोडाफेकीला ते भाग्य लाभलेले नाही. नावात हातोडा असला तरी सुताराच्या किंवा लोहाराच्या हातोड्याशी या खेळाचा आता संबंध उरलेला नाही. पुरुषांच्या स्पर्धेत ७.२६ किलो वजनाचा धातूचा गोळा पोलादी तारेच्या एका टोकाला बांधलेला असतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मूठ असते. मुठीपासून गोळ्यापर्यंतची एकूण लांबी सव्वा मीटरच्या आतच असावी लागते. खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात उभा राहून हा गोळा आधी डोक्याभोवती फिरवतो, मग स्वतःभोवती तीन किंवा चार गिरक्या घेतो आणि अचूक क्षणी मूठ सोडून देतो. गिरक्यांचा हा सारा खेळ जेमतेम दोन-अडीच सेकंदांचा.

शेतातली पाखरे हाकलण्यासाठी शेतकरी गोफण फिरवतो, तेच हे तत्त्व आहे. फरक इतकाच की येथे दगड सात किलोंचा आहे आणि गोफण फिरविणाराही स्वतः त्याच्याबरोबर फिरतो आहे. गोळा ऐंशी मीटरच्या पलीकडे जायचा, तर हातातून सुटताना त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असावा लागतो. त्या वेगाने फिरणारा गोळा खेळाडूला बाहेरच्या दिशेने जी ओढ देतो, ती तीनशे किलोंहून अधिक वजनाइतकी असते. या ओढीपुढे माणूस टिकायचा, तर त्याला मागे झुकून, गुडघे वाकवून, टाच आणि चवडा यांच्यावर आलटूनपालटून फिरत स्वतःचा तोल गोळ्याच्या तोलाशी जुळवावा लागतो. पाऊल बोटभर चुकले तरी फेक जाळीत अडकते किंवा खेळाडू वर्तुळाबाहेर फेकला जातो.

म्हणूनच हा खेळ आडदांड देहाच्या माणसांचा मानला गेला. सोव्हिएत संघ, पूर्व युरोप आणि जर्मनी येथील भरभक्कम खेळाडूंनी त्यावर अनेक दशके राज्य केले. सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखने १९८६ मध्ये श्टुटगार्ट येथे केलेला ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. अशा खेळात जपानी माणसाने उतरावे, हेच पुष्कळांना धाडस वाटत असे.

वडिलांचे भांडवल

शिगेनोबु मुरोफुशी यांनी या उणिवेवर एकच उपाय योजला. तो म्हणजे अभ्यास. स्वतःच्या फेकीच्या आणि परदेशी खेळाडूंच्या फेकीच्या चित्रफिती ते पुनःपुन्हा पाहत. पाऊल कोठे पडले, खांदा केव्हा वळला, गोळा सर्वांत खाली आला तेव्हा शरीर कोठे होते, हे ते तपासत. बळात कमी पडते ते तंत्राने भरून काढायचे, हे त्यांचे सूत्र होते. पस्तिशीनंतर बहुतेक खेळाडूंची कामगिरी उतरणीला लागते, तेव्हा त्यांची चढत गेली, ती या अभ्यासामुळे. पुढे चुक्यो विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून त्यांनी हीच विद्या तरुणांना दिली.

कोजीचा जन्म ८ ऑक्टोबर १९७४ चा, शिझुओका प्रांतातील नुमाझु शहरातला. आई सेराफिना मोरित्झ या रुमानियाच्या भालाफेकपटू. म्हणजे फेकीची विद्या मुलाला दोन्ही बाजूंनी मिळाली. धाकटी बहीण युका हिनेही पुढे थाळीफेक आणि हातोडाफेक अशा दोन्ही प्रकारांत जपानचे राष्ट्रीय विक्रम केले. कोजी नारिता येथील शाळेत शिकत असताना हातोडाफेकीकडे वळला आणि नंतर चुक्यो विद्यापीठात वडिलांच्या हाताखाली दाखल झाला.

घरचा व्यवसाय मुलाने पुढे चालवावा, यात नवल नाही. परंतु पेढी सांभाळणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला ठाऊक असते की, वडिलांनी मिळविलेले नाव मुलाला सोय करून देते, तसेच ओझेही देते. शिगेनोबु यांचा मुलगा म्हणून कोजीकडे पहिल्या दिवसापासून लोकांचे डोळे लागलेले होते. तो जिंकला तर ‘रक्तच तसे’ म्हणणार आणि हरला तर ‘वडिलांची सर नाही’ म्हणणार. अशा वेळी दोनच गोष्टी मुलाच्या हाती असतात. एक तर मिळालेले भांडवल जपून बसावे, नाही तर ते कष्टाने वाढवावे.

कोजीने दुसरा मार्ग धरला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. १९९५ मध्ये तो प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला. १९९८ मध्ये त्याने वडिलांचा ७५.९६ मीटरचा विक्रम मोडला. तो विक्रम चौदा वर्षे कोणालाही मोडता आला नव्हता, आणि ज्याने मोडला त्याला घडविणारे प्रशिक्षक स्वतः शिगेनोबुच होते. आपला विक्रम मोडणाऱ्यास आपणच तयार करावे, हा आनंद थोड्याच वडिलांच्या वाट्याला येतो. त्याच वर्षी बँकॉक येथे आणि २००२ मध्ये बुसान येथे कोजीने आशियाई सुवर्णपदक जिंकले. वडिलांची पाच आणि मुलाची दोन, अशी एकाच घरात सात आशियाई सुवर्णपदके झाली.

अभ्यासू खेळाडू

सुमारे १८७ सेंटिमीटर उंची आणि शंभर किलोंच्या आसपास वजन, अशी कोजीची शरीरयष्टी होती. आपल्या दृष्टीने तो बलदंडच. पण ज्यांच्याशी त्याची गाठ होती, त्यांपैकी अनेकांचे वजन ११० किलोंच्या घरात किंवा त्याहून अधिक असे. हा फरक भरून काढायचा, तर वडिलांच्या अभ्यासात भर घालणे भाग होते.

त्याने ती घातली. एकच व्यायाम रोज त्याच पद्धतीने केला की शरीर त्याला सरावते आणि मग शरीर नवे काही शिकत नाही, असे त्याचे मत होते. म्हणून तो खांद्यावर घेतलेल्या लोखंडी दांड्याच्या दोन्ही टोकांना हातोडे टांगून व्यायाम करी. टांगलेले हातोडे झुलत राहत. त्यांचा झोका प्रत्येक वेळी वेगळा असल्यामुळे शरीराला प्रत्येक क्षणी नव्याने तोल सावरावा लागे. वर्तमानपत्राचा कागद एका हाताने चुरगाळत मुठीत घेणे, कोळ्यासारखे जाळे फेकणे, असे साधे दिसणारे प्रकारही त्याच्या सरावात असत. व्यायामशाळेतील महागड्या यंत्रांपेक्षा या साध्या वस्तू त्याला अधिक उपयोगी वाटल्या.

खेळाबरोबर त्याने शिक्षणही सोडले नाही. हातोड्याच्या गोळ्याला वेग नेमका कोणत्या हालचालीतून मिळतो, या विषयाच्या अभ्यासावर २००७ मध्ये चुक्यो विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. हातोड्याला संवेदक बसवून तारेतील ताण मोजायचा आणि त्याचे आवाजात रूपांतर करून खेळाडूला फेकतानाच ऐकवायचे, असे एक साधनही संशोधक सहकाऱ्यांबरोबर त्याने विकसित केले. वडिलांनी चित्रफितीत जे डोळ्यांनी शोधले, ते मुलाने कानांनी ऐकण्याची सोय केली. वारसा वाढविणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

२००० मध्ये त्याने ऐंशी मीटरचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षीच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये मात्र भर पावसात झालेल्या अंतिम फेरीत तो नववा आला. पुढच्या वर्षी एडमंटन येथील जागतिक स्पर्धेत ८२.९२ मीटर फेकून त्याने रौप्यपदक मिळविले. २९ जून २००३ रोजी प्राग येथे त्याने ८४.८६ मीटर अंतर गाठले. त्या दिवशी जगाच्या इतिहासात त्याच्यापुढे फक्त दोघे सोव्हिएत खेळाडू होते. दोन महिन्यांनी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले. आता उरले होते ते ऑलिंपिक.

अठ्ठावीस सेंटिमीटर

२२ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सच्या ऑलिंपिक मैदानावर हातोडाफेकीची अंतिम फेरी झाली. हंगेरीच्या आद्रियान अनुशने ८३.१९ मीटर अंतर नोंदविले. कोजीची सर्वोत्तम फेक ८२.९१ मीटरची झाली. अंतर अवघे अठ्ठावीस सेंटिमीटर; शाळकरी मुलाच्या पट्टीपेक्षाही कमी. बेलारूसचा इवान त्सिखान तिसरा आला. हंगेरीचे राष्ट्रगीत वाजले, अनुशच्या गळ्यात सुवर्णपदक पडले आणि कोजीने रौप्यपदक घेऊन विजेत्याचे अभिनंदन केले. मुरोफुशी घराण्याला पहिले ऑलिंपिक पदक मिळाले होते, तेही काही थोडे नव्हते.

पुढील काही दिवसांत चित्र पालटू लागले. अनुशने स्पर्धेपूर्वी आणि स्पर्धेनंतर दिलेले मूत्राचे नमुने एकाच व्यक्तीचे नसल्याचे तपासणीत आढळून आले. त्याला आणखी नमुना देण्यास सांगण्यात आले. तोवर तो हंगेरीला परतला होता; तेथे त्याने निवृत्ती जाहीर केली आणि नमुना दिला नाही. २९ ऑगस्ट रोजी, स्पर्धांच्या अखेरच्या दिवशी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला अपात्र ठरविले आणि सुवर्णपदक कोजी मुरोफुशीला जाहीर झाले. अनुशने क्रीडा लवादाकडे केलेले अपीलही पुढे फेटाळण्यात आले.

ऑलिंपिकमधील फेकीच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविणारा आशियातील हा पहिला पुरुष. ज्या क्षणासाठी वडिलांची आणि मुलाची मिळून तीसहून अधिक वर्षे खर्ची पडली होती, तो क्षण कागदावरच्या एका निर्णयाने आला. भरलेल्या मैदानासमोर सर्वांत उंच पायरीवर उभे राहणे, आपल्या देशाचा ध्वज मध्यभागी वर चढताना पाहणे, राष्ट्रगीत ऐकणे, यांतले काहीही त्या संध्याकाळी त्याच्या वाट्याला आले नव्हते. सुवर्णपदक त्याला पुढे सप्टेंबरमध्ये मायदेशी, योकोहामाच्या मैदानावर, देण्यात आले. लबाडीने हिरावलेली रक्कम न्यायालय परत मिळवून देऊ शकते. हिरावलेला दिवस कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

पदकाची दुसरी बाजू

अशा प्रसंगी माणूस काय बोलतो, यावरून त्याची घडण कळते. प्रतिस्पर्ध्यावर तोंडसुख घेण्याची उघड संधी कोजीला होती. निर्णयानंतरच्या पत्रकार परिषदेत तो आला तो हातात एक कागद घेऊन.

अथेन्स ऑलिंपिकच्या पदकाच्या एका बाजूवर प्राचीन ग्रीक भाषेतील काही शब्द कोरलेले होते. ग्रीक कवी पिंडार याने इ. स. पूर्व ४६० मध्ये ऑलिंपियातील एका तरुण कुस्तीगीर विजेत्याच्या गौरवार्थ रचलेल्या स्तोत्राच्या त्या आरंभीच्या ओळी. त्यांत कवी ऑलिंपिया या स्थळालाच आवाहन करतो आणि सत्याचे अधिष्ठान म्हणून त्याचा गौरव करतो. पदके शेकडो खेळाडूंना मिळाली. त्यावरील अक्षरांचा अर्थ जाणून घ्यावा, असे त्यांतील कितीजणांना वाटले असेल? कोजीने त्या ओळींचे भाषांतर मिळविले आणि ते पत्रकारांपुढे ठेवले. पदकाच्या रंगापेक्षा त्यामागील सत्य अधिक महत्त्वाचे आहे आणि तेथवर पोहोचण्यासाठी केलेला प्रयत्नच मोलाचा आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते.

या बोलण्याला पुढे काळानेही पुष्टी दिली. अथेन्सच्या वेळचे नमुने जपून ठेवण्यात आले होते. नव्या पद्धतीने त्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्या स्पर्धेतील तिसरा मानकरी इवान त्सिखान यानेही बंदी असलेले उत्तेजक घेतले होते, असे निष्पन्न झाले. डिसेंबर २०१२ मध्ये त्याचेही पदक काढून घेण्यात आले. म्हणजे २२ ऑगस्ट २००४ च्या संध्याकाळी विजयमंचावर जे तिघे उभे होते, त्यांपैकी आज फक्त एकाचा निकाल कायम आहे. ज्या व्यवहारात सोबतचे दोघेही खोट्या वजनाने तोलत होते, त्यात खरे वजन वापरणारा माणूस त्या दिवशी दुसरा आला. आठ वर्षांनंतर तो त्या मंचावर एकटा उरला.

येथे कोणीही म्हणेल की, अखेर सचोटीचा विजय झाला. असे म्हणणे सोपे आहे. परंतु सचोटीचा हिशेब नेहमी इतका सरळ लागत नाही, हेही याच खेळाडूच्या पुढील आयुष्याने दाखवून दिले.

जमा आणि वजा

२००७ ची जागतिक स्पर्धा जपानमध्येच, ओसाका येथे झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर कोजी सहावा आला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ८०.७१ मीटर अंतरासह तो पाचवा ठरला. स्पर्धेनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरील बेलारूसच्या दोघा खेळाडूंच्या नमुन्यांत दोष आढळला. डिसेंबर २००८ मध्ये त्यांची पदके काढून घेण्याचा निर्णय झाला आणि कोजीचे नाव कांस्यपदकाच्या जागी आले. त्या दोघांनी दाद मागितली. प्रयोगशाळेने तपासणीची ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, या कारणावरून जून २०१० मध्ये क्रीडा लवादाने त्यांची पदके त्यांना परत केली. कोजी पुन्हा पाचवा झाला. एकदा जमा दाखविलेली नोंद दीड वर्षाने वजा झाली.

खेळाडू या नात्याने यात त्याचा काहीही हात नव्हता; ना पदक मिळण्यात, ना ते जाण्यात. त्याची फेक ८०.७१ मीटरची होती, ती तेवढीच राहिली.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे चरित्र एकांगी होईल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाची निवडणूक झाली. कोजीला निवडून येण्याइतकी मते खेळाडूंनी दिली होती. पण प्रचाराच्या नियमांचा भंग झाल्याच्या कारणावरून समितीने त्याचे नाव बाद केले. त्याच्या बाजूने लवादाकडे दाद मागण्यात आली. ती फेटाळली गेली. पूर्वी नियमांमुळे ज्याला सुवर्ण मिळाले होते, त्यालाच येथे नियमांमुळे जागा गमवावी लागली. ज्याने नियमांचा आदर करायचा, त्याने तो निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून करायचा नसतो, आणि विरुद्ध लागला म्हणून सोडायचाही नसतो. बीजिंग आणि लंडन या दोन्ही कटू प्रसंगांनंतर कोजी खेळाच्या आणि खेळाडूंच्या कामातून दूर झाला नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

सहा सेंटिमीटर

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी यांनी हाहाकार उडविला. इशिनोमाकी हे त्यात सर्वाधिक हानी झालेल्या शहरांपैकी एक. त्या वर्षी कोजी तेथील शाळकरी मुलांना भेटून आला. वयाची छत्तिशी गाठलेली, अंगावर जुन्या दुखापती, आणि ऐन भरातला काळ मागे पडला आहे असा जाणकारांचा समज; अशा स्थितीत तो ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील देगू येथील जागतिक स्पर्धेत उतरला.

२९ ऑगस्टच्या अंतिम फेरीत त्याने ८१.२४ मीटर अंतर गाठले. हंगेरीच्या क्रिस्तियान पार्शची सर्वोत्तम फेक ८१.१८ मीटर. अथेन्समध्ये अठ्ठावीस सेंटिमीटरने जे हुकले होते, ते येथे सहा सेंटिमीटरने मिळाले. हातोडाफेकीत त्या वयाचा जागतिक विजेता पुरुषांत तोवर झालेला नव्हता. यावेळी राष्ट्रगीत त्याच मैदानावर वाजले आणि सर्वांत उंच पायरीवर तो स्वतः उभा होता. अथेन्सला राहून गेलेली ती संध्याकाळ सात वर्षांनी, दुसऱ्या देशात, निराळ्या रूपात त्याला भेटली.

त्यानंतर पुढील वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ७८.७१ मीटर फेकून त्याने कांस्यपदक मिळविले, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता; दिल्लीला सुवर्णपदक घेतले तेव्हा वडील होते, नेमक्या त्याच वयाचा.

अखेरची नोंद

१९९५ पासून २०१४ पर्यंत कोजी मुरोफुशी सलग वीस वर्षे जपानचा राष्ट्रीय विजेता राहिला. वीस वर्षांत देशाचे पंतप्रधान कितीदा बदलले, पण हातोडाफेकीचा विजेता बदलला नाही! जून २०१६ मध्ये नागोया येथील राष्ट्रीय स्पर्धेत तो अखेरचा उतरला. त्या दिवशी त्याची फेक ६४.७४ मीटरची झाली आणि क्रमांक बारावा आला. स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा ही फेक वीस मीटरने कमी. आपण आता कमी पडतो हे मैदानात उतरून, मोजपट्टीने मोजून घेऊन, सर्वांसमक्ष मान्य करायचे आणि मग निरोप घ्यायचा, हा त्याचा पिंडच होता. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली.

निवृत्तीपूर्वीच, २०१४ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या आयोजन समितीने त्याच्याकडे क्रीडा संचालकपद सोपविले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपान सरकारने त्याची राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा आयुक्त म्हणून नेमणूक केली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या मैदानावर नीरज चोप्राने भाला ८७.५८ मीटर फेकून भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा यजमान देशाच्या क्रीडाखात्याची सूत्रे आशियाला फेकीतील पहिले सुवर्ण आणून देणाऱ्या याच माणसाच्या हाती होती.

व्यापारी घराण्यांत पिढ्यापिढ्यांचा हिशेब करण्याची एक जुनी रीत आहे. वडिलांनी दुकान कोठवर आणून सोडले आणि मुलाने ते तेथून किती पुढे नेले, हे पाहिले जाते. परंतु या हिशेबात एक प्रश्न पुष्कळदा विचारायचा राहून जातो. जी वाढ झाली, ती कशाने झाली? बाजारात सगळेच खोटे माप वापरतात, मग आपणही वापरले तर काय बिघडले, असे म्हणणारे प्रत्येक काळात आणि प्रत्येक धंद्यात असतात. कोजी मुरोफुशीच्या खेळात तर तसे म्हणणाऱ्यांची संख्या बरीच मोठी होती आणि त्यांची पदकेही डोळ्यांसमोर चमकत होती. त्या बाजारात राहून त्याने आपले माप खरे ठेवले. त्याची किंमत त्याने मोजली: अथेन्सची ती संध्याकाळ त्याला मिळाली नाही ती नाहीच. त्याचे मोलही त्याला मिळाले: कोणत्याही प्रयोगशाळेने कोणतीही जुनी कुपी उघडली, तरी त्याला कधी झोप उडण्याचे कारण पडले नाही.

वडिलांची सर्वोत्तम फेक ७५.९६ मीटर. मुलाची ८४.८६ मीटर. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेल्या विद्येत पडलेली ही भर आहे, आठ मीटर नव्वद सेंटिमीटरची. आणि तिच्यातला एकही सेंटिमीटर आजवर कोणाला परत करावा लागलेला नाही.